लाकडाची उलटी रेघ
(द्वितीय वर्ष, कला)

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात वाढलेल्या वाचकांना लाकडाविषयी काही सांगायला जाणे म्हणजे सूर्यापुढे काजवा धरण्यासारखे आहे. घराच्या मेढीपासून नांगरापर्यंत आणि उखळ-मुसळापासून बोहाड्याच्या मुखवट्यापर्यंत आपल्या वाडवडिलांचे सारे आयुष्य लाकडाच्या संगतीत गेले. तरीही या अंकासाठी लेख लिहायचे ठरले तेव्हा मी लाकूड हाच विषय निवडला. त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण असे की, आपल्या दोन्ही तालुक्यांतून दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडणाऱ्या तरुणांपैकी काही जण आता वीटभट्टीऐवजी फर्निचरच्या कारखान्यांत जातात. तेथे त्यांच्या हाती राउटर नावाचे विजेवर चालणारे यंत्र दिले जाते. माझा एक मामेभाऊ अशाच एका कारखान्यात खुर्च्यांचे पाय आणि हात यांना आकार देण्याचे काम करतो. मागल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मीही दीड महिना त्याच्या हाताखाली होतो. यंत्र सुरळीत फिरत असताना लाकडाचा बोटभर लांब कपचा अचानक उडे, होत आलेला पाय वाया जाई आणि त्या लाकडाची किंमत कामगाराच्या पगारातून कापली जाई. मुकादमाचे उत्तर ठरलेले असे: "तुझा हात नीट चालत नाही." हात कसा चालवायचा हे मात्र कोणी सांगत नसे.

दुसरे कारण माझ्या घरातले आहे. माझ्या आजोबांनी शाळेची पायरी पाहिली नव्हती. ते गावात नांगर, जू आणि बैलगाडीची कामे करीत. कारखान्यात जे कोणी सांगत नव्हते ते त्यांना पक्के ठाऊक होते. लाकूड हाती आले की ते आधी त्याची बाजू निरखून पाहत, तळहात दोन्ही दिशांनी फिरवत आणि मगच वाकस उचलत. आम्हा पोरांना म्हणत, "रेघ बघा पोरांनो, मग हात लावा." आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. ज्यांना हे ज्ञान होते त्यांना लिहिता येत नव्हते, आणि ज्यांना लिहिता येते त्यांनी बहुधा रंधा धरलेला नसतो. या दोहोंच्या मध्ये हे ज्ञान हरवू नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

लाकूड म्हणजे धाग्यांची मोळी

लाकडाचा कपचा का उडतो हे समजण्यासाठी लाकूड आतून कसे असते ते पाहिले पाहिजे. झाडाचे खोड ही अतिशय बारीक, लांबट आणि पोकळ पेशींची एक मोळी आहे. या पेशींच्या भिंती सेल्युलोज नावाच्या चिवट द्रव्याच्या असतात आणि लिग्निन नावाचे दुसरे द्रव्य त्यांना एकमेकींशी जखडून ठेवते. झाड मुळांकडून शेंड्याकडे पाणी नेते, म्हणून या पेशीही खोडाच्या लांबीच्या दिशेने उभ्या रचलेल्या असतात. फळीवर आपल्याला ज्या रेघा दिसतात, त्यांतून या रचनेची दिशा कळते.

या रचनेमुळे लाकडाची ताकद सर्व दिशांना सारखी नसते. रेघेच्या दिशेने ताणून लाकूड तोडायला जितका जोर लागतो, त्याच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी जोरात ते रेघेच्या आडव्या दिशेने फाकते. हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नाही. सरपण फोडताना आपण ओंडका उभा ठेवून कुऱ्हाड वरून मारतो, आडवा ठेवून मारत नाही, ते याच कारणाने.

बांबू चिरताना आणखी एक गोष्ट सर्वांनी पाहिली असेल. कोयता बांबूच्या तोंडात थोडा शिरला की चीर कोयत्याच्या पुढे पळू लागते. कोयता मागे असतो, चीर हातभर पुढे गेलेली असते. त्या वेळी बांबू धारेने कापला जात नाही. पात्याच्या जाडीमुळे तो फाकतो. टोपलीसाठी कामट्या काढणाऱ्याला हेच हवे असते. परंतु खुर्चीचा पाय घडवणाऱ्याला मात्र याच गोष्टीची भीती असते. कपचा उडणे म्हणजे दुसरे काही नसून धारेच्या पुढे पळालेली चीर होय.

सुलटी आणि उलटी रेघ

कोणतीही फळी घेतली तरी तिच्या रेघा कडेला अगदी समांतर क्वचितच असतात. कोठे तरी त्या तिरप्या होऊन पृष्ठभागाला येऊन मिळतात. आता समजा, आपण रंधा डावीकडून उजवीकडे मारत आहोत. फळीची बाजू पाहिली असता रेघा उजवीकडे वर चढत पृष्ठभागाला मिळत असतील, तर धारेच्या पुढे पळणारी चीर त्याच रेघेने वर येते आणि पृष्ठभागावर येऊन संपते. पातळ, गुंडाळलेली ढलपी निघते आणि फळी गुळगुळीत होते. ही सुलटी रेघ.

याउलट रेघा उजवीकडे खाली उतरत फळीच्या पोटात शिरत असतील, तर चीरही त्यांच्याबरोबर पोटात शिरते. रंध्याचे पाते तिला तेवढ्या खोलीपर्यंत उचलते आणि शेवटी धागे मोडतात. जागेवर खड्डा राहतो. ही उलटी रेघ. बैलाच्या पाठीवरून मानेकडून शेपटाकडे हात फिरवला तर केस बसतात, शेपटाकडून मानेकडे फिरवला तर उभे राहतात, तसाच हा प्रकार आहे.

रंध्याने काम करणाऱ्याला यावर सोपा उपाय असतो. रेघ उलटी लागली की तो फळी फिरवतो किंवा स्वतः दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहतो. माझे आजोबा फळीवर कोळशाने एक बाण काढून ठेवत आणि सर्व रंधाकाम त्या बाणाच्या दिशेने करीत. एवढ्या साध्या खुणेने दिवसभराचा घोटाळा टळे.

सर्वच लाकडे मात्र इतकी सरळ स्वभावाची नसतात. आपल्या रानातला साग बहुतेक सरळ रेघेचा असतो, म्हणून कारागीर त्याला पसंत करतात. शिवण हलकी आणि कोरायला सोपी, तर हेद बारीक पोताचा. ऐन कठीण आणि भरड. शिसव आणि बिवळा यांत अनेकदा गुंतलेली रेघ सापडते. म्हणजे एका थरात धागे एका बाजूला कललेले, तर त्याखालच्या थरात दुसऱ्या बाजूला. अशा लाकडात कोणतीही दिशा पूर्णपणे सुलटी नसते. गाठीच्या भोवतीही रेघ वळसा घेते, म्हणून गाठीच्या एका अंगाला सुलटे चाललेले काम दुसऱ्या अंगाला उलटे होते. भारतीय लाकडांच्या अशा गुणदोषांची नोंद जे. एस. गँबल यांनी १८८१ साली आपल्या ग्रंथात केली. पुढे डेहराडून येथे १९०६ साली वनसंशोधन संस्था स्थापन झाली, आणि १९३२ साली पिअर्सन व ब्राउन यांचा भारतातील व्यापारी लाकडांवरचा मोठा ग्रंथ निघाला. आपल्या गावच्या सुतारांनी हे ग्रंथ पाहिलेले नाहीत. तथापि कोणते लाकूड कोठे वापरावे याविषयी त्यांच्या तोंडून जे ऐकायला मिळते, ते यांतल्या गोष्टींशी बरेचसे जुळते.

राउटरची खरी अडचण

आता राउटरकडे वळू. राउटर म्हणजे एक उभी मोटर आणि तिच्या टोकाला बसवलेले बिट. हे बिट मिनिटाला दहा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत फेरे घेते. बिटावर छोटे बेअरिंग असेल तर ते फर्म्याच्या कडेला टेकून फिरते आणि फर्म्याचा आकार लाकडावर जसाच्या तसा उतरतो. शंभर खुर्च्यांचे पाय एकसारखे करायचे तर याहून सोयीचे साधन नाही.

अडचण आहे ती दिशेची. हातात धरलेल्या राउटरचे बिट वरून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. बिटाच्या फिरण्याविरुद्ध राउटर सरकवला तर यंत्र ताब्यात राहते. म्हणून नियम असा की, फळीच्या बाहेरच्या कडेने जाताना राउटर काट्यांच्या उलट दिशेने फिरवावा आणि फळीत पाडलेल्या भोकाच्या आतल्या कडेने जाताना काट्यांच्या दिशेने फिरवावा. राउटर टेबलाखाली उलटा बसवला असेल तर समोर उभ्या असलेल्या माणसाने लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवावे.

याच्या उलट दिशेने गेले तर काय होते? धार लाकडाला खेचू लागते आणि यंत्र स्वतःच पुढे धावते. गंमत अशी की या उलट चालीत कपचा कमी उडतो, कारण धार धाग्यांना बाहेर न उचलता आत दाबते. अनुभवी कारागीर अगदी शेवटचा, नखाएवढाही नाही असा पातळ थर कधी कधी असा काढतात. परंतु यंत्र हातातून निसटण्याचा धोका असल्याने नवशिक्याने या वाटेला जाऊ नये. आणि टेबलावर लहान तुकडा हाताने धरून तर कोणीच जाऊ नये. लाकूड खेचले जाते आणि त्याच्या मागोमाग बोटे जातात.

म्हणजे रंधा मारणारा दिशा बदलू शकत होता, राउटरवाला ती बदलू शकत नाही. यंत्राने त्याची दिशा बांधून टाकलेली असते. रेघ सुलटी असो वा उलटी, त्याला त्याच बाजूने जायचे असते. मुकादम ज्याला हाताचा दोष म्हणत होता, त्याचे मूळ येथे आहे. ज्या भागात रेघ यंत्राच्या वाटेला उलटी पडते, त्या भागात कितीही सावध हात असला तरी कपचा उडण्याची भीती राहतेच.

चढ आणि उतार

सरळ पट्टीपेक्षा गोलाई असलेल्या भागात ही अडचण अधिक येते. खुर्चीचा बाक दिलेला पाय सरळ फळीतून कापला की फळीच्या रेघा सरळच राहतात, पण कड वळते. त्यामुळे एकाच कडेवर अर्ध्या भागात रेघ सुलटी आणि अर्ध्या भागात उलटी होते.

हे ओळखण्याची खूण आपल्या घाटातल्या रस्त्यासारखी आहे. फळीच्या सरळ रेघा म्हणजे सपाट जमीन समजा आणि वळणदार कड म्हणजे रस्ता. कड जेथे उतरते तेथे काम सुलटे होते, जेथे चढते तेथे उलटे. बाहेर फुगलेल्या कडेवर फुगवट्याच्या माथ्यावरून दोन्ही टोकांकडे उतरावे. आत गेलेल्या कडेवर दोन्ही टोकांकडून मधल्या खोलगट जागेकडे उतरावे. भरलेल्या बैलगाडीप्रमाणे येथेही चढ बैलांचा कस काढतो.

बोहाड्याचे लाकडी मुखवटे ज्यांनी जवळून पाहिले असतील त्यांना हा नियम चटकन पटेल. होळीच्या सुमारास आणि त्यानंतर आपल्या भागात बोहाडे होतात आणि देवदानवांची सोंगे निघतात. त्यांचे मुखवटे लाकडाचे असतात, तसे कागदाच्या लगद्याचेही असतात. लाकडाच्या मुखवट्यात नाकाचा कणा उंच आणि गाल, डोळ्यांच्या खाचा खोल. पटाशी उंच भागाकडून खोल भागाकडे चालवली तर रेघ साथ देते. खोल भागातून वर उपसली तर नाकाचा शेंडाच निघून येण्याची भीती.

परंतु राउटरला तर एकच दिशा. मग चढाचे काय करायचे? उपाय असा की राउटरची दिशा बदलत नाही तर लाकूड पालथे करावे. फळी उलटी घातली की त्याच कडेवर यंत्राची वाट उलट होते आणि मघाचा चढ आता उतार होतो. यासाठी दोन बिटे लागतात: एकाचे बेअरिंग दांड्याच्या बाजूला आणि दुसऱ्याचे टोकाला. पहिल्याने उताराचा अर्धा भाग करावा, फर्म्यासकट लाकूड पालथे घालून दुसऱ्या बिटाने उरलेला अर्धा भाग करावा. दोन्ही बाजूंना बेअरिंग असलेले बिटही मिळते. त्यात बिट न बदलता फक्त खोली बदलून काम भागते. वेळ थोडा जास्त जातो, पण वाया गेलेल्या एका पायाच्या किमतीत अशी कित्येक मिनिटे निघतात.

काम करताना पाळायच्या गोष्टी

आता क्रमाने काही उपाय सांगतो. यांतील काही आजोबांच्या रंध्याच्या काळातले आहेत, काही यंत्राबरोबर आले आहेत.

१. फर्मा लावण्यापूर्वी जास्तीचे लाकूड करवतीने काढून टाकावे. रेषेबाहेर दीड ते दोन मिलिमीटर एवढेच ठेवावे. धारेपुढे जाड लाकूड असेल तर चिरेला फाकायला जोर मिळतो. पातळ पापुद्रा असेल तर तो लगेच मोडून पडतो आणि चीर आत जात नाही.

२. एकाच फेरीत सारे लाकूड काढू नये. जड काम तीन-तीन मिलिमीटरच्या टप्प्यांत करावे आणि शेवटची फेरी अर्ध्या मिलिमीटरची ठेवावी. पृष्ठभाग कसा दिसणार हे त्या शेवटच्या फेरीवर ठरते.

३. धार तीक्ष्ण हवी. बोथट धार कापत नाही, ढकलते. आणि ढकललेला धागा उपटून येतो. सागाच्या लाकडात वाळूच्या जातीचे सिलिका हे द्रव्य असते, त्यामुळे साध्या पोलादाची धार लवकर जाते. म्हणून सागासाठी टंगस्टन कार्बाइडची धार असलेली बिटे वापरतात. बिटावर राळ आणि भुसा चिकटून जळालेला थर बसला की चांगले बिटही बोथटासारखे वागते. ते पुसून साफ ठेवावे.

४. चालीचे गणित समजून घ्यावे. दोन धारांचे बिट मिनिटाला २०,००० फेरे घेत असेल, तर मिनिटाला ४०,००० वेळा धार लाकडाला लागते. राउटर मिनिटाला ३ मीटर या चालीने सरकवला तर प्रत्येक वेळी ०.०७५ मिलिमीटर लाकूड निघते. चाल १ मीटरवर आणली तर ०.०२५ मिलिमीटर. म्हणजे उलट्या रेघेच्या जागी हात थोडा सावकाश केला की प्रत्येक धारेचा घास लहान होतो. फार रेंगाळले तर मात्र घर्षणाने लाकूड करपून काळे पडते. शिवाय बिट जितके मोठे तितकी त्याची कड वेगाने फिरते. २०,००० फेऱ्यांना १२ मिलिमीटरच्या बिटाची कड सेकंदाला सुमारे साडेबारा मीटर जाते, तर ५० मिलिमीटरच्या बिटाची बावन्न मीटर. म्हणून मोठ्या बिटासाठी फेरे कमी करावेच लागतात.

५. आधी आडवी तोंडे करावीत, मग लांब कडा. फळीच्या ज्या तोंडाशी धागे कापले जाऊन त्यांची टोके उघडी पडतात, तेथे धार बाहेर पडताना शेवटच्या धाग्यांना मागून आधार नसतो आणि कोपरा उडतो. आडवे तोंड आधी केले तर उडालेला कोपरा पुढे लांब कड करताना निघून जातो.

६. जेथे असे करता येत नाही तेथे धार बाहेर पडण्याच्या जागी टाकाऊ लाकडाचा तुकडा घट्ट दाबून बांधावा. कपचा उडायचा तो त्या तुकड्याचा उडतो.

७. रेघेला आडवी खाच किंवा खोबण पाडायची असेल तर आधी तीक्ष्ण सुरीने आखणी खोल कापून घ्यावी. धागे आधीच तुटलेले असले की चीर त्या आखणीपाशी थांबते. पातळ पापुद्र्यावर चिकटपट्टी दाबून लावल्यानेही थोडा उपयोग होतो.

८. लाकूड नीट वाळलेले असावे. ओल्या लाकडाचे धागे कापले न जाता केसाळ होऊन वर येतात, आणि फार कोरडे लाकूड ठिसूळपणे कपचते. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेली फळी आणि एप्रिलमधली फळी यांची वागणूक एक नसते.

९. बिट बदलताना आधी प्लग काढावा. डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे आणि नाकाला कापड ही चैन नव्हे. लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारण होते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली जाहीर केले आहे.

इतके करूनही कपचा निघालाच, तर यंत्र बंद करून तो तुकडा शोधावा. त्याची जागा त्यालाच नेमकी बसते. फेव्हिकॉल लावून तो दाबून बांधावा आणि पुरता वाळू द्यावा. रेघ जुळल्यामुळे पॉलिशनंतर सांधा सहसा दिसत नाही. घाईने लांबी भरली तर ती मात्र पॉलिशखाली उठून दिसते.

नांगर आणि खुर्ची

या अभ्यासात मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट नांगराने शिकवली. आता लोखंडी नांगर आणि पॉवर टिलर आले आहेत, पण लाकडी नांगराचे दिवस आमच्या घरात अजून आठवणीत आहेत. नांगराला बाक लागतो. आजोबा तो बाक सरळ फळीतून कापून काढत नसत. रानात हिंडताना कोणत्या झाडाची फांदी कशी वळली आहे हे त्यांच्या ध्यानात असे. नैसर्गिक वळण असलेले लाकूड निवडले की धागेही त्याच वळणाने गेलेले असतात. अशा लाकडात रेघ कडेने कोठेही तुटत नाही. तासताना कपचा कमी निघतो आणि पुढे जमिनीत जोर आला तरी ते बाकावर मोडत नाही.

युरोपात मायकेल थॉनेट या कारागिराने हीच गोष्ट वेगळ्या मार्गाने साधली. बीच जातीच्या लाकडाच्या सरळ दांड्या वाफेवर मऊ करून त्याने त्या साच्यात वाकवल्या. १८५९ सालची त्याची चौदा क्रमांकाची खुर्ची जगभर गेली. तीत लाकूड वाकवलेले असल्याने धागे वळणाबरोबर राहतात. आपल्या रानातला नांगर करणारा आणि व्हिएन्नाचा कारखानदार या दोघांनाही एकच तत्त्व उमगले होते: आकाराने रेघेच्या मागून जावे.

आजचा फर्निचर कारखाना याच्या उलट करतो. तो सरळ फळीवर फर्मा ठेवतो आणि रेघ कशीही असो, आकार कापून घेतो. झटपट कामासाठी ते आवश्यक असेल. पण मग उलटी रेघ ही त्या पद्धतीचीच देणगी आहे हे मान्य करायला हवे. फळीवर फर्मा ठेवताना कोणती बाजू वर हे ठरवणारा, बिट केव्हा बदलायचे हे ठरवणारा आणि एका फेरीत किती खोल जायचे हे सांगणारा माणूस राउटर चालवणारा नसतो.

किंमत कोणी द्यायची?

येथे आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. वाया गेलेल्या लाकडाची किंमत कामगाराच्या पगारातून कापावी काय? १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात याविषयी अटी होत्या. कामगाराच्या ताब्यात खास सोपवलेल्या मालाचे नुकसान थेट त्याच्याच निष्काळजीपणाने किंवा कसुरीने झाले असेल तरच त्यासाठी कपात करता येई, आणि तत्पूर्वी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी देणे बंधनकारक होते. २०१९ च्या वेतन संहितेनेही हीच तत्त्वे ठेवली आहेत.

"थेट त्याच्याच निष्काळजीपणाने" हे शब्द महत्त्वाचे आहेत. कपचा उलट्या रेघेने उडाला की बोथट बिटाने, की खरोखरच हलगर्जीपणाने, हे ठरवल्याशिवाय कपात न्याय्य ठरत नाही. आणि ते ठरवता येते. उडालेल्या जागेकडे पाहावे. खड्डा रेघेबरोबर पोटात उतरलेला असेल आणि तो कडेच्या चढावर असेल, तर दोष फर्मा ठेवण्याच्या पद्धतीत आहे. सगळ्याच भागांवर धागे केसाळ उठले असतील तर बिट बोथट आहे किंवा लाकूड ओले आहे. कोपराच उडाला असेल तर कडांचा क्रम चुकला आहे आणि तो क्रम कामगाराला कोणी शिकवला होता काय, हे विचारले पाहिजे. लाकूड खोटे बोलत नाही. फक्त त्याची भाषा वाचता आली पाहिजे.

सुट्टी संपत आली तेव्हा मी व माझ्या मामेभावाने खराब झालेल्या पायांपैकी काही घेऊन त्यांच्या बाजूवर पेन्सिलने रेघा गडद केल्या. बहुतेक खड्डे एकाच ठिकाणी, बाक संपून कड वर चढते तेथेच होते. ते त्याने मुकादमाला दाखवले. कापलेले पैसे परत मिळाले नाहीत. मात्र त्यानंतर त्या पायाचे काम दोन बिटांनी, लाकूड पालथे घालून होऊ लागले, आणि त्या कारणासाठी त्याचा पगार पुन्हा कापला गेला नाही, असे त्याने मला फोनवर सांगितले.

माझ्या वर्गमित्रांना माझी एवढीच विनंती आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी अजून रंधा, वाकस, पटाशी आहे आणि ती चालवलेले हातही आहेत. सुट्टीत घरी गेल्यावर त्यांच्याजवळ बसावे, कोणत्या लाकडाची रेघ कशी असते ते विचारावे आणि वहीत उतरवून घ्यावे. आपले भाऊ ज्या यंत्रावर उभे राहणार आहेत, त्या यंत्राच्या माहितीपत्रकात ते सापडणार नाही. आणि प्राध्यापक महोदयांना विनंती अशी की, बाहेर कामाला जाणाऱ्या मुलांसाठी दिवाळीपूर्वी एक दिवस गावातील एखाद्या जाणत्या सुताराला महाविद्यालयात बोलवावे. खडू-फळा लागणार नाही. एक रंधा, एक फळी आणि कोळशाचा एक तुकडा पुरेसा आहे.